जुनी चिप : पास की नापास?



भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतला एक छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. आठ-दहा कामगार, चार यंत्रे, आणि त्यांतले एक तीस-चाळीस वर्षांचे जुने, आकड्यांच्या आज्ञेवर चालणारे लेथ. सकाळच्या पाळीला ते सुरूच झाले नाही. नियंत्रकाचे झाकण उघडले, तर आत हिरव्या सर्किटपाटीवर चाळीस काळ्या चिप्स ओळीने बसलेल्या. एकही जळालेली दिसत नाही, एकीलाही वास येत नाही. शनिवारी चाकणला माल पोहोचायचा आहे. दुरुस्ती करणाऱ्याच्या खोक्यात जुन्या पाट्यांवरून काढलेल्या मूठभर चिप्स आहेत. पण त्यांतली कोणती चांगली आणि कोणती मेलेली, हे ओळखायचे कसे? चिप चांगली असो वा वाईट, बाहेरून ती सारखीच काळी दिसते!

हा कारखाना आपण कल्पनेतला घेतला. पण ही अडचण कल्पनेतली नाही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी हा पट्टा यंत्रांच्या आवाजाने भरून गेला. टेल्कोसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग बनवणारे शेकडो लहान कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. पुढे हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. तेथे २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. यंत्रे नवी येतात, तशी जुनी भंगारात जातात. चिखलीजवळच्या कुदळवाडीत अशा भंगाराची मोठी गोदामे होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तेथील बांधकामे हटवली. पण जुन्या पाट्या आणि त्यांवरच्या चिप्स आजही हातोहात फिरतातच. अशा चिपची परीक्षा घेणारे एक साधे उपकरण आपण या लेखात बनवू. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, परीक्षा कशी घ्यावी आणि तिच्या निकालावर किती विश्वास ठेवावा, हे शिकू.

चिपच्या अंगावरचे आकडे

अनेक ट्रान्झिस्टर, डायोड व रोधक एकाच अर्धवाहक तुकड्यावर घडवायचे, ही कल्पना जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये प्रत्यक्षात आणली. त्याबद्दल त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने ७४ या आकड्याने सुरू होणाऱ्या चिप्सची मालिका बाजारात आणली आणि पुढे अनेक कंपन्या तशाच चिप्स बनवू लागल्या. ७४०० ही या कुटुंबातली थोरली. जुन्या संगणकांत आणि यंत्रनियंत्रकांत हे कुटुंब हमखास भेटते.

चिपच्या पाठीवर सहसा दोन आकडे असतात. एक तिचा क्रमांक, दुसरा तिची जन्मतारीख. ८४२३ असे छापले असेल, तर १९८४ सालचा २३ वा आठवडा. यात एक गंमत आहे. ७४३२ हा या मालिकेतल्या एका चिपचा क्रमांक आहे. पण तोच आकडा १९७४ सालचा ३२ वा आठवडाही असू शकतो! म्हणून दोन्ही आकडे वाचल्याशिवाय चिपला नाव देऊ नका.

एका बाजूला अर्धगोल खाच असते. चिप पाठ वर करून, खाच डावीकडे येईल अशी धरा. खालच्या ओळीतील डावीकडची पिन ही १ क्रमांकाची. तेथून खालच्या ओळीने उजवीकडे मोजत जायचे आणि वरच्या ओळीने डावीकडे परत यायचे. १४ पिनांच्या चिपमध्ये १४ वी पिन बरोबर पहिलीच्या समोर येते.

७४०० मध्ये १४ व्या पिनेला अधिक ५ व्होल्ट द्यायचे आणि ७ वी पिन ऋण टोकाला जोडायची. पण सगळ्याच चिप्सचे असे नसते. ७४९० मध्ये अधिक ५ व्होल्ट पाचव्या पिनेला आणि ऋण टोक दहाव्या पिनेला जोडावे लागते. म्हणून चिपचे माहितीपत्रक पाहिल्याशिवाय तिला वीज देऊ नका. चांगली चिप मारण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे उलटी वीज!

नँड द्वाराची चार उत्तरे

७४०० मध्ये चार स्वतंत्र ‘नँड’ द्वारे असतात. प्रत्येक द्वाराला अ आणि ब असे दोन प्रवेश आणि एक निर्गम. या भाषेत अक्षरे दोनच : ० आणि १. प्रवेशावरील व्होल्टता ०.८ व्होल्ट किंवा कमी असेल तर चिप ते ० समजते; २ व्होल्ट किंवा जास्त असेल तर १ समजते. मधला भाग म्हणजे ‘ना धड इकडे, ना धड तिकडे’. तेथे चिप काय समजेल याची हमी नाही.

नँड द्वाराचा नियम एका वाक्यात सांगता येतो : दोन्ही प्रवेश १ असतील तरच निर्गम ०, एरवी निर्गम १.

अ = ०, ब = ० : निर्गम १
अ = ०, ब = १ : निर्गम १
अ = १, ब = ० : निर्गम १
अ = १, ब = १ : निर्गम ०

ही झाली सत्यता-सारणी, म्हणजेच चिपची उत्तरपत्रिका. आपल्या उपकरणाने एवढेच करायचे : प्रश्न विचारायचे, चिपचे उत्तर पाहायचे आणि या सारणीशी ताडून पाहायचे.

उपकरण बनवा

लागणारे साहित्य असे : ब्रेडबोर्ड, ९ व्होल्टची बॅटरी, ७८०५ हा ५ व्होल्ट देणारा नियंत्रक, १४ पिनांचे सॉकेट, दोन बाजूंना पडणारे दोन स्विच, चार लाल एलईडी, २२० ओहमचे आठ रोधक, ४७० ओहमचे चार रोधक, ०.१ मायक्रोफॅरडचे दोन-तीन कपॅसिटर आणि एक मल्टीमीटर. हे सारे पुण्यात बुधवार पेठेतील तापकीर गल्लीत किंवा तुमच्या गावच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळेल. घरातील २३० व्होल्टच्या विजेशी या प्रयोगात काही संबंध येऊ देऊ नका. बॅटरी पुरेशी आहे.

प्रथम ७८०५ जोडा. त्याच्या आत-बाहेरच्या दोन्ही बाजूंना एकेक कपॅसिटर लावा आणि बाहेर येणारी व्होल्टता मोजा. ती ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या दरम्यान असेल तरच पुढे जा. सॉकेटच्या ७ व्या पिनेला ऋण टोक जोडा. १४ व्या पिनेला अधिक टोक जोडताना मध्ये मल्टीमीटर मिलिअँपिअरच्या पल्ल्यावर ठेवून घाला. १४ आणि ७ या पिनांच्या दरम्यान एक कपॅसिटर सॉकेटच्या अगदी जवळ लावा. द्वाराने बाजू पालटताना विजेला बसणारे बारीक हिसके तो शोषून घेतो.

अ स्विचच्या मधल्या टोकापासून चार तारा काढा आणि प्रत्येक तार २२० ओहमच्या स्वतंत्र रोधकातून १, ४, ९ आणि १२ या पिनांना जोडा. ब स्विचपासून तशाच चार तारा २, ५, १० आणि १३ या पिनांना. प्रत्येक स्विचचे एक बाजूचे टोक अधिक ५ व्होल्टला, दुसरे ऋणाला. चार द्वारांचे निर्गम ३, ६, ८ आणि ११ या पिनांवर असतात. प्रत्येक निर्गमाशी एक एलईडी अशी जोडा : अधिक ५ व्होल्टपासून ४७० ओहमचा रोधक, मग एलईडी, मग निर्गमाची पिन.

तुम्ही विचाराल, एलईडी उलटी का जोडली? निर्गम आणि ऋण टोक यांच्यामध्ये का नाही? कारण ७४०० चा निर्गम १ असताना तिच्याकडून फक्त ०.४ मिलिअँपिअर प्रवाह घेण्याची मुभा आहे, पण निर्गम ० असताना ती १६ मिलिअँपिअर प्रवाह पोटात घेऊ शकते. देण्यात कंजूष आणि घेण्यात उदार, असा हा स्वभाव! आपल्या जोडणीत एलईडीवर सुमारे २ व्होल्ट आणि निर्गमावर सुमारे ०.४ व्होल्ट गेले, तर रोधकावर २.६ व्होल्ट उरतात. २.६ भागिले ४७०, म्हणजे सुमारे ५.५ मिलिअँपिअर. एलईडी नीट पेटते आणि चिपलाही त्रास होत नाही. मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : एलईडी पेटली म्हणजे निर्गम ०, विझली म्हणजे निर्गम १.

आणि ते २२० ओहमचे रोधक कशासाठी? समजा, चुकून सॉकेटमध्ये ७४०२ ही चिप बसली. तिच्यात पहिली पिन प्रवेश नसून निर्गम असते. तुमचा स्विच म्हणतो ०, आतला ट्रान्झिस्टर म्हणतो १. दोघांच्या रस्सीखेचीत चिप भाजून निघू शकते. मध्ये २२० ओहम असले, तर वाईटात वाईट स्थितीतही प्रवाह ५ भागिले २२०, म्हणजे सुमारे २३ मिलिअँपिअरच्या पलीकडे जात नाही. ० देताना प्रवेशातून बाहेर येणारा १.६ मिलिअँपिअर प्रवाह या रोधकावर फक्त ०.३५ व्होल्ट टाकतो, ते ०.८ च्या आत आहे, म्हणून परीक्षा बिघडत नाही.

पहिला प्रश्न : भूक किती?

चिप बसवली की स्विच हलवण्याआधी मल्टीमीटर पाहा. चांगली ७४०० चिप चारही निर्गम १ असताना जास्तीत जास्त ८ आणि चारही ० असताना जास्तीत जास्त २२ मिलिअँपिअर प्रवाह घेते. क्रमांकात ‘एलएस’ ही अक्षरे असतील, तर याहून पुष्कळच कमी. काटा किंवा आकडा १०० च्या पलीकडे धावला, तर वीज लगेच बंद करा. आत कोठेतरी शॉर्ट आहे किंवा चिप उलटी बसली आहे. आकडा शून्यच राहिला, तर वीज आत पोहोचतच नाही. एकही प्रश्न न विचारता काही विद्यार्थी नापास झाले!

कोणता प्रश्न कोणाला पकडतो?

आता चार प्रश्न विचारा : ००, ०१, १०, ११. पहिल्या तिन्ही वेळी सर्व एलईडी विझलेल्या हव्यात आणि चौथ्या वेळी चारही पेटायला हव्यात.

येथे थोडे थांबून विचार करू. समजा, चिपच्या आत अ प्रवेशाची केसासारखी बारीक तार तुटली आहे. या कुटुंबातील चिपचा लोंबकळता प्रवेश स्वतःला १ समजतो. म्हणजे आपण स्विच कोठेही टाकला, तरी द्वाराला अ = १ च दिसणार. हा दोष कोणत्या प्रश्नात उघडा पडेल? ०० विचारले, तर द्वाराला १० दिसते. उत्तर १, आणि खरे उत्तरही १. दोष लपला! १० आणि ११ मध्ये अ मुळातच १ आहे. तेथेही दोष लपला. फक्त ०१ विचारले, तर द्वाराला ११ दिसते आणि ते ० असे चुकीचे उत्तर देते. चारपैकी एकच प्रश्न या चोराला पकडतो!

तसेच पाहत गेलो, तर ब ची तार तुटली असेल तर तो दोष फक्त १० मध्ये सापडतो. प्रवेश कायमचा ० ला चिकटला असेल, किंवा निर्गम कायमचा १ ला चिकटला असेल, तर ११ मध्ये सापडतो. निर्गम ० ला चिकटला असेल, तर ०१ मध्येच सापडेल. म्हणजे ०१, १० आणि ११ हे तीन प्रश्न पुरे! मग ०० हा प्रश्न वगळावा का?

वगळू नका. ७४८६ ही चिप पाहा. तिच्या पिनांची रचना हुबेहूब ७४०० सारखी आहे, पण आत ‘एक्सॉर’ द्वारे आहेत : दोन प्रवेश वेगवेगळे असतील तर १, सारखे असतील तर ०. तिला ०१, १०, ११ विचारा. उत्तरे १, १, ०. म्हणजे नँडसारखीच! ०० विचारले, तरच ती ० म्हणते आणि सोंग उघडे पडते. जुन्या चिप्सच्या बाजारात पाठ घासून दुसराच क्रमांक छापलेल्या चिप्स असतात. तारा तुटल्या आहेत का, एवढेच पाहणारी परीक्षा अशा तोतयाला पास करील. प्रश्न निवडताना ‘काय बिघडू शकते?’ याची यादी आधी मनात हवी, ती यासाठी.

याच युक्तीने पुसट अक्षरांची चिपही ओळखता येते. ००, ०१, १०, ११ या क्रमाने उत्तरे लिहा :

१ १ १ ० आल्यास ७४००
० ० ० १ आल्यास ७४०८
० १ १ १ आल्यास ७४३२
० १ १ ० आल्यास ७४८६

या चौघींच्या पिनांची रचना एकच आहे, म्हणून आपले उपकरण चौघींनाही चालते.

आठवण ठेवणाऱ्या चिप्स

७४७४ सारख्या चिपची गोष्ट वेगळी. तिच्या आत ‘फ्लिप-फ्लॉप’ असतात. त्यांना आधीची स्थिती आठवते. म्हणून आज्ञेची कळ दाबली नसताना प्रवेश तेच असले, तरी उत्तर कधी ० तर कधी १ असू शकते, आणि दोन्ही बरोबर! अशा चिपला सुटे प्रश्न विचारून भागत नाही, क्रमाने विचारावे लागतात : प्रवेश १ कर, कळ दाब, उत्तर १ आले का? आता प्रवेश ० कर, पण कळ दाबू नकोस. उत्तर १ च राहिले का? मग कळ दाब. आता ० झाले का?

७४९० सारख्या मोजणाऱ्या चिपला तपासताना नवशिके हमखास फसतात. कळ एकदा दाबली आणि चिपने तीन मोजले! लगेच चिपला नापास करू नका. स्विचचे धातूचे ओठ मिटताना टणाटण उड्या मारतात आणि एका दाबातून दोन-चार ठोके निघतात. चिप खरे बोलत असते, खोटे स्विच बोलत असतो. यावर उपाय म्हणजे दोन नँड द्वारे एकमेकांना जोडून केलेली कडी, जी पहिली उडी धरून ठेवते आणि पुढच्या उड्यांकडे दुर्लक्ष करते. ही नँड द्वारे कोठली? आपण नुकत्याच पास केलेल्या ७४०० मधली! कालचा विद्यार्थी आज परीक्षक झाला.

हात थकले तेव्हा

७४१८१ ही २४ पिनांची चिप बेरीज-वजाबाकी करते. तिला १४ प्रवेश आहेत. म्हणजे २ चा १४ वा घात, १६,३८४ प्रश्न. एका प्रश्नाला ५ सेकंद धरले, तर न झोपता जवळजवळ २३ तास स्विच हलवावे लागतील. येथे मदतीला येतो सूक्ष्मनियंत्रक. इटलीत २००५ मध्ये सुरू झालेला ‘अर्डुइनो’ आज अनेक शाळांच्या प्रयोगशाळांत असतो. त्याचा ‘उनो’ हा प्रकार ५ व्होल्टवर चालतो, म्हणून आपल्या जुन्या चिप्सशी त्याचे थेट जमते. ‘मेगा’ या प्रकारात पिना भरपूर आहेत. सेकंदाला दहा हजार प्रश्न विचारले, तर ७४१८१ ची पूर्ण परीक्षा दोन सेकंदांच्या आत आटोपते. स्विचच्या जागी त्याच्या पिना लावा. २२० ओहमचे रोधक मात्र तसेच ठेवा.

पण वेग वाढला म्हणून सगळे प्रश्न विचारता येतात असे नाही. २११४ ही जुन्या संगणकांतील स्मृतिचिप घ्या. तिच्यात १०२४ पत्त्यांवर प्रत्येकी ४, अशी एकूण ४०९६ घरे आहेत. प्रत्येक घरात ० किंवा १. सर्व शक्य भरण्या तपासायच्या म्हटल्या, तर २ चा ४०९६ वा घात. हा आकडा लिहायलाच १२३४ अंक लागतात! जगातील सारे संगणक जुंपले तरी हे होणार नाही. मग काय करायचे? पुन्हा तोच मंत्र : काय बिघडू शकते ते आधी ठरवा.

एखाद्या चाळीतील टपालपेट्या डोळ्यांसमोर आणा. ५ आणि ९ क्रमांकांच्या किल्ल्या चुकून एकच पेटी उघडतात. तुम्ही सर्व पेट्यांत ० लिहिलेली चिठ्ठी टाकली आणि सर्व वाचल्या : सगळीकडे ०. सर्वांत १ टाकून वाचल्या : सगळीकडे १. दोष सापडलाच नाही! आता असे करा. सर्वांत ० टाका. मग पहिल्या पेटीपासून चढत्या क्रमाने जा; प्रत्येक पेटीत ० आहे का पाहा आणि लगेच तेथे १ टाका. पाचव्या पेटीत ० मिळाला, तुम्ही १ टाकला. नवव्या किल्लीने पेटी उघडली, ० हवा होता, पण १ मिळाला! चोर सापडला. शेवटी उतरत्या क्रमाने, १ वाचत आणि ० टाकत परत या. प्रत्येक पत्त्यावर लिही, वाच-लिही, वाच-लिही अशा पाच क्रिया. १०२४ पत्त्यांना ५,१२० क्रिया. एका पत्त्यावरच्या चार घरांत आपसात शॉर्ट असेल तर तोही सापडावा, म्हणून ०००० शिवाय ०१०१ आणि ००११ या नमुन्यांनी (आणि १ च्या जागी त्यांच्या उलट नमुन्यांनी) हीच फेरी पुन्हा करा. एकूण १५,३६० क्रिया झाल्या. एका क्रियेला १०० मायक्रोसेकंद धरले, तरी दीड सेकंद! १२३४ अंकी आकड्यावरून आपण दीड सेकंदावर आलो, ते यंत्राच्या जोरावर नव्हे, विचाराच्या जोरावर.

एक इशारा : ४११६ ही स्मृतिचिप आपल्या उपकरणात कधीही बसवू नका. तिला अधिक १२, अधिक ५ आणि उणे ५ अशा तीन व्होल्टता लागतात.

परीक्षकाची परीक्षा

उपकरण तयार झाले की सॉकेट रिकामे ठेवून प्रश्न विचारा. एकही एलईडी पेटत नाही. आता फक्त पहिल्या तीन प्रश्नांवर भिस्त ठेवणारा माणूस रिकाम्या सॉकेटलाच पास करून मोकळा होईल! म्हणून नवी कोरी चिप आणि मुद्दाम बिघडवलेली चिप, अशा दोन्ही शेजारी ठेवा. बिघडवायची म्हणजे, एका टाकाऊ चिपची पहिली पिन वर वाकवून सॉकेटबाहेर ठेवा. उपकरणाने चांगलीला पास आणि वाईटाला, तेही बरोबर ०१ याच प्रश्नात, नापास केले पाहिजे. ते झाले तरच परीक्षक लायक.

आणि निकाल देताना शब्द जपून वापरा. ७४०० चे द्वार साधारण १० नॅनोसेकंदांत उत्तर देते. तुमचे बोट स्विच हलवायला अर्धा सेकंद घेते. एखादी चिप म्हातारी होऊन दसपट मंद झाली असेल, तरी आपल्याला ती चपळच वाटणार. टेबलावर थंड असताना बरोबर उत्तरे देणारी चिप नियंत्रकाच्या बंद पेटीत तापल्यावर चुकू शकते. ७४ मालिका ० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत चालावी असे ठरलेले आहे. म्हणून जमले तर व्होल्टता ४.७५ आणि ५.२५ या दोन्ही टोकांना ठेवून आणि दिव्याच्या उबेत चिप थोडी तापवून परीक्षा पुन्हा घ्या. तरीही ‘पास’ याचा अर्थ ‘निर्दोष’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच : आम्ही शोधले ते दोष, आम्ही शोधले त्या स्थितीत, सापडले नाहीत. उलट, उपकरण तपासलेले असेल, तर ‘नापास’ हा निकाल पक्का. एका चुकीच्या उत्तराने चिप नापास ठरते. हजार बरोबर उत्तरांनीही ती निर्दोष ठरत नाही. विज्ञानातील कितीतरी नियमांचे असेच असते.

आता भोसरीच्या त्या कारखान्यात परत चला. दुरुस्ती करणाऱ्याने खोक्यातील चिप तपासली, ती पास झाली, यंत्र सुरू झाले. पण त्याने मालकाला ‘आता काळजी नको’ असे सांगितले आणि यंत्र दुपारच्या उन्हात पुन्हा चुकू लागले, तर हत्यार मोडेल, माल वाया जाईल, कदाचित कामगाराच्या बोटालाही इजा होईल. ‘चिप तपासली आहे, पण दोन पाळ्या रिकामे यंत्र चालवून पाहू या’ असे तो म्हणाला, तर तो खरा परीक्षक. आपल्या उपकरणाची मर्यादा ज्याला ठाऊक, त्याच्याच हातात ते उपकरण शोभते.

काम झाल्यावर नापास चिप्स आणि जुन्या पाट्या उकिरड्यावर टाकू नका, जाळू तर मुळीच नका. त्यांच्या डागात शिसे असते आणि धूर विषारी असतो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आहेत. हा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच द्यायला हवा. हाताळल्यानंतर हात साबणाने धुवा.

करून पाहा, विचार करा

१. आपल्या उपकरणात चारही द्वारांना एकाच वेळी तेच प्रश्न विचारले जातात. यामुळे कोणता दोष लपून राहील? (सूचना : पहिल्या द्वाराचा प्रवेश दुसऱ्या द्वाराच्या प्रवेशाशी आतून चिकटला असेल तर?) तो पकडण्यासाठी जोडणीत काय बदल कराल?

२. ७४३२ मध्ये ‘ऑर’ द्वारे असतात. तिच्या अ प्रवेशाची तार तुटली, तर चारपैकी कोणते प्रश्न तो दोष पकडतील?

३. ७४०२ साठी वेगळे सॉकेट कसे जोडाल, याची आकृती माहितीपत्रक पाहून काढा.

४. पेट्यांच्या गोष्टीत ९ क्रमांकाची किल्ली एकही पेटी उघडत नसेल आणि नेहमी १ च वाचून दाखवत असेल, तर दोष फेरीच्या कोणत्या टप्प्यावर सापडेल?

उत्तरे वहीत लिहा आणि मग चिपलाच विचारून खात्री करा.